पांढरीचे टेकाड राखावे कसे: खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी

तापी, गिरणा, पांझरा, गोमाई यांच्या काठाने काळी कसदार वावरे पसरलेली असतात आणि नदीच्या वळणावर, पुराच्या रेषेच्या वर, मध्येच राखाडी-पांढुरक्या मातीचा उंचवटा दिसतो. कोणी त्याला पांढर म्हणतो, कोणी गढी, कोणी नुसतेच टेकाड. त्यावर पाऊस पडून गेला की लाल-काळ्या ठिकऱ्या धुऊन वर येतात. ही माती निसर्गाने आणून टाकलेली नाही. चुलीची राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती, हाडे, फुटकी मडकी यांचे थर शेकडो वर्षे एकावर एक साचून ती तयार झाली आहे. त्या थरांत माणसे पुरलेलीही आहेत.

खानदेशात अशी ठिकाणे बरीच आहेत आणि काहींचे रीतसर उत्खनन झाले आहे. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून (दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारे वापरली जात तो काळ) पुढचे चार कालखंड तिथे एकावर एक मिळाले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या एका काठावर बहाळ आणि समोरच्या काठावर टेकवाडे आहे. बहाळला वस्ती होती, टेकवाड्याला दफने निघाली. तापीकाठच्या सावळद्यावरून तर एका संस्कृतीचेच नाव पडले. सावळदा संस्कृतीचा काळ इ.स.पू. २००० च्या आसपासचा, म्हणजे चार हजार वर्षांमागचा. साक्री तालुक्यातल्या कवठ्याची वस्ती याच संस्कृतीची. तिथला थर इतका पातळ होता की उंच टेकाड शोधणाऱ्याच्या नजरेतून ती जागा सहज निसटावी. म्हणून उंची नाही म्हणजे काही नाही, असे समजू नये. पातळ थराच्या जागा तर एका खोल नांगरटीत संपतात.

टेकाड ओळखायचे कसे

हिवाळ्यात, पीक निघाल्यावर, सकाळी नऊच्या आत जावे. तिरप्या उन्हात जमिनीचा उंचसखलपणा आणि मातीच्या रंगातला फरक स्पष्ट दिसतो. दुपारी सगळे सपाट वाटते. आधी टेकाडाभोवती एक फेरी मारून काळी माती कुठे संपते आणि पांढरी कुठे सुरू होते, ती रेषा पाहावी. टेकाडाची खरी हद्द हीच. डोळ्यांना दिसणाऱ्या उंचवट्यापेक्षा ती बहुधा बरीच पुढे जाते, कारण कडेची माती नांगरटीने सपाट झालेली असते.

मग ठिकऱ्या पाहाव्यात, पण उचलून खिशात घालू नयेत. उचललीच तर पाहून तिथेच ठेवावी. जोर्वे प्रकारची (नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडले) खापरे पातळ, लालसर, चांगली भाजलेली असतात. त्यांवर काळ्या रंगाने रेघा, जाळ्या, चौकटी काढलेल्या असतात आणि नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. हा काळ ढोबळ मानाने इ.स.पू. १४०० ते १००० चा. सावळद्याची खापरे जाडसर असतात. त्यांवर काळ्या रंगात मासे, पक्षी, हत्यारे यांची चित्रे सापडतात. आतून काळी आणि बाहेरून काळी-तांबडी खापरे बहुधा त्यानंतरची, लोहयुगाकडची. काचेच्या बांगड्यांचे तुकडे किंवा चकाकीचा लेप असलेली खापरे त्याहून खूप अलीकडची. एकाच टेकाडावर हे सगळे मिळू शकते. त्यामुळे एका ठिकरीवरून काळ ठरवू नये.

नदीने किंवा जेसीबीने कापलेली उभी कड असेल तर सर्वांत जास्त माहिती तिच्यात असते. कडेला हात न लावता दोन पावले मागून पाहावे. राखेचा करडा पट्टा, त्याखाली बोटभर जाडीची कठीण पिवळसर रेषा, त्याखाली पुन्हा राख, असा क्रम दिसतो. ती पिवळी रेषा म्हणजे चोपून सारवलेली घराची जमीन. भाजलेल्या मातीच्या ढेकळांवर कुडाच्या काड्यांचे ठसे असतील तर ते जळालेल्या भिंतीचे तुकडे. आणि ती जमिनीची रेषा मध्येच तुटून खाली वाटीसारखा खळगा गेला असेल, खळग्यातली माती भुसभुशीत आणि दोन-तीन रंगांची मिसळलेली असेल, तर तो नंतर खणलेला खड्डा आहे. धान्याचे पेव असू शकते, कचऱ्याचा खड्डा असू शकतो आणि थडगेही असू शकते.

जोर्वे काळात लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी, घराच्या जमिनीखाली पुरत. शेजारी छोटे वाडगे किंवा तोटीचे भांडे ठेवत, क्वचित मण्यांची माळही असे. मोठ्या माणसाला बहुधा उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरत आणि घोट्याखालची पावले तोडत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला हे फार स्पष्टपणे दिसून आले आहे. आडवी पडलेली, तोंडे जुळलेली दोन मडकी दिसली की गावात ‘हंडा निघाला’ अशी आवई उठते. त्यात सोने नसते, तान्ह्या बाळाची हाडे असतात.

कायदा आधी समजून घ्यावा

टेकाडाजवळ निळा किंवा इतर रंगाचा फलक असेल तर त्यावर कोणत्या खात्याचे नाव आहे ते नीट वाचावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नाव असेल तर १९५८ चा केंद्राचा कायदा लागू. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे असेल तर १९६० चा राज्याचा. फलक नाही म्हणून संरक्षण नाही असेही नसते, फलक गंजून पडतात. तलाठ्याकडे गट नंबर देऊन सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काही नोंद आहे का पाहावे आणि दोन्ही खात्यांकडे लेखी विचारणा करावी.

केंद्र संरक्षित जागेभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. अंतर मोजताना हमखास चूक होते: लोक टेप टेकाडाच्या माथ्यावरून धरतात. अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून करता येते. नियंत्रित क्षेत्रात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. गोठा, पोल्ट्रीचे शेड, वीटभट्टीची चिमणी यांतले काहीही उभारण्यापूर्वी विचारावे. संरक्षित जागेची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

शेती मात्र आपोआप बंद होत नाही. आपल्या भागात हा गैरसमज फार आहे आणि त्याच भीतीने शेतकरी टेकाडाची माहिती लपवतात. केंद्राच्या कायद्यातच सवलत आहे: संरक्षित क्षेत्रात लागवड करता येते, मात्र एक फुटापेक्षा खोल खणायचे नाही.

एक फूट म्हणजे प्रत्यक्षात किती

वखर दोन-तीन इंच जातो. तिफण, कोळपे त्याच हिशेबात. ही सगळी कामे सुरक्षित. ट्रॅक्टरचा पलटी नांगर फुटाच्या आसपास जातो, म्हणजे तो नेमका सीमेवर आहे. खोलवरची माती फोडणारा सबसॉयलर तर सरळ जुन्या थरात घुसतो. केळीसाठी दीड फुटाचा खड्डा घेतला तर तो कायद्यातही बसत नाही आणि टेकाडालाही सोसत नाही. पाच-सहा फुटांवर एक खड्डा, म्हणजे थरांची चाळण. ठिबकची मुख्य पाइपलाइन दीड-दोन फूट चारीत गाडतात. ती टेकाडाबाहेरून फिरवून न्यावी आणि टेकाडावर फक्त लॅटरल अंथरावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एक फूट आजच्या जमिनीपासून मोजला जातो. उतारावर नांगरलेली माती दर पावसाळ्यात खाली वाहते, जमीन थोडी खाली बसते, आणि पुढच्या वर्षीचा फूट आणखी जुन्या थरात जातो. दरवर्षी नियम पाळूनही वीस वर्षांत टेकाडाचा माथा नाहीसा होऊ शकतो. म्हणून उतारावर नांगर मुळीच घालू नये, फक्त वखरावे. पेरणी उताराला आडवी करावी. दादर (रब्बी ज्वारी), हरभरा अशी खोल मशागत न मागणारी रब्बी पिके टेकाडाच्या पायथ्याला चालतात. माथा आणि तीव्र उतार गवताला सोडणे सर्वांत चांगले. कपाशी घेतलीच तर पऱ्हाटी चिमट्याने उपटू नये. तिचे सोटमूळ वर येताना मातीचा गोळा आणि त्यातली खापरे घेऊन येते. जमिनीलगत कापावी आणि मूळ आत कुजू द्यावे.

पांढरी माती वावरात टाकण्याची जुनी रीत आहे आणि तिला कारणही आहे: राख, शेण आणि हाडांमुळे त्या मातीत पालाश, स्फुरद आणि चुना असतो. धाब्याच्या घरांवरही पावसाळ्याआधी अशीच माती पसरून चोपतात. या दोन कामांनी खानदेशातली जितकी टेकाडे पोखरली तितकी नद्यांनीही पोखरली नसतील. वावरासाठी शेणखत, चुलीची राख आणि धरण-तलावातला गाळ हा चांगला पर्याय आहे. गाळ नेण्यासाठी शासनाची योजनाही आहे. ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात गाळाच्या ट्रॉल्यांची सोय केली तर टेकाडाकडे जाणारे ट्रॅक्टर आपोआप कमी होतात, नुसत्या मनाईच्या फलकाने होत नाहीत. पायथ्यातून माती काढल्याने वरची कड अधांतरी होते आणि पहिल्या जोरदार पावसात कोसळते. माणूस दबण्याचा धोका असतो तो असतोच.

पाणी, गवत, झाडे

टेकाडाचा मोठा शत्रू वाहते पाणी. वरच्या वावरातून येणारे पाणी टेकाडावर चढण्याआधीच वळवावे. त्यासाठी संरक्षित हद्दीच्या बाहेर उथळ सरी किंवा बांध पुरेसा असतो. उतारावर ओघळ पडू लागला तर त्यात खणून दगडी बांध घालू नये. बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या, बुडखे वरच्या बाजूला करून, ओघळात दाबून ठेवाव्यात. पाण्याचा वेग मोडतो, गाळ अडकतो आणि गुरेही तिथून जात नाहीत. संरक्षित जागेत एवढे करण्याआधीही खात्याला कळवावे. टेकाडावरचेच दगड उचलून वापरू नयेत, ते कुठल्यातरी भिंतीचे असतात.

मारवेल, पवना, कुसळी असे गवत टेकाडाला बांधून ठेवते. दिवाळीनंतर विळ्याने कापावे, उपटू नये आणि पेटवू तर अजिबात नये. गवत जळाले की पुढच्या पावसाला उघडी माती मिळते. मेंढ्या-गुरे कोरड्या दिवसांत थोडी चरली तर बिघडत नाही. ओल्या मातीत मात्र खुरांनी वाटा पडतात आणि त्या वाटांचेच ओघळ होतात.

वेडी बाभूळ, निंब, पिंपळ यांची मुळे मडकी फोडत आणि हाडांच्या सांध्यांत शिरत जातात. रोप बोटाएवढे असतानाच कापावे. मोठे झाले असेल तर परवानगी घेऊन बुंधा जमिनीलगत कापावा, जेसीबीने मुळासकट उपटू नये. एका झाडाबरोबर बैलगाडीएवढा थर वर येतो. वृक्षारोपणाच्या मोहिमेत ‘पडीक जागा’ म्हणून टेकाड निवडले जाते. शाळेला आणि ग्रामपंचायतीला हे आधीच सांगून ठेवावे.

दोन ऋतूंची नोंद

टेकाड झिजते आहे की नाही हे नजरेला कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. टेकाडात खुंट्या ठोकू नयेत. बाहेरच्या बाजूला न हलणाऱ्या दोन खुणा निवडाव्यात: हद्दीचा दगड, विजेचा खांब, विहिरीचा कठडा. त्या खुणेपासून कडेपर्यंत टेप जमिनीला समांतर ताणून अंतर पाच सेंटिमीटरपर्यंत नोंदवावे. टेप झोळासारखा लोंबला की दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक येते. दोन टोकांना दोन माणसे हवीत आणि वारा नसताना मोजावे.

मे महिन्याच्या मध्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, चारही दिशांनी ठरलेल्या जागी उभे राहून फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोत एक मीटरची काठी असावी, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. फोटोचे नाव गावाचे नाव, गट नंबर, दिशा, तारीख या क्रमाने ठेवावे. फक्त मोबाइलवर ठेवू नये, मोबाइल बदलला की सगळे जाते. ग्रामपंचायतीत एक वही आणि शाळेच्या संगणकात एक प्रत ठेवावी.

मडके किंवा हाड उघडे पडले तर

काम तिथेच थांबवावे. ट्रॅक्टर मागे घेताना त्याच चाकोरीतून घ्यावा, वळवू नये. कोणालाही मडक्यात हात घालू देऊ नये. मडके आतल्या आणि बाहेरच्या मातीच्या दाबावर उभे असते. तीन हजार वर्षांचे तडे त्यात आधीपासूनच असतात, एका बाजूची माती काढली की ते आपल्याच वजनाने बसते. आतली माती मडक्याइतकीच मोलाची. तान्ह्या बाळाची हाडे काडीएवढी असतात आणि ती, मणी, धान्याचे जळके दाणे, सगळे त्या मातीतच असते. ‘आत काय आहे’ म्हणून माती उपसली की नंतर तज्ज्ञ आला तरी त्याच्या हाती फक्त रिकामे खापर उरते.

आहे त्या स्थितीत फोटो घ्यावेत: एक लांबून, सगळा परिसर दिसेल असा. एक दोन मीटरवरून. एक जवळून, पट्टी शेजारी ठेवून. काठीचे टोक उत्तरेकडे करून ठेवले तर दिशाही नोंदली जाते. जमिनीच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे ते मोजावे. मोबाइलच्या नकाशातून अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत, पण ते गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. एका रात्रीत खणणारे येतात.

मग झाकावे. हाडावर पाणी ओतू नये, ब्रशने घासू नये, फेविकॉल किंवा तसे काही लावू नये. उन्हात उघडे राहिलेले हाड वेगाने सुकते, त्यातले क्षार फुलतात आणि ते पापुद्र्यांनी सुटते. मऊ सुती कापड अंथरावे, त्यावर तिथलीच भुसभुशीत माती चार बोटे जाडीची हाताने पसरावी, वर तागाचे पोते आणि त्यावर ऊन अडवायला पत्रा किंवा तट्ट्या उंच धरून लावावा. प्लास्टिकचा कागद थेट टाकू नये. खाली घाम धरतो, बुरशी येते. पाऊस अंगावर असेल तर पत्रा तिरपा लावून पाणी टेकाडाबाहेर सोडावे आणि वरच्या बाजूला मातीच्या पोत्यांची ओळ ठेवावी. पोत्यांत माती वावरातली भरावी, टेकाडातली नाही.

त्याच दिवशी पोलीस पाटील आणि तलाठ्याला सांगावे. हाडे अलीकडची असण्याची जराही शंका असेल, म्हणजे कापडाचा तुकडा, बटण, प्लास्टिक दिसले, तर आधी पोलीस ठाणे. जमिनीत लपलेले १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाणी, तांब्याची कुऱ्हाड, मूर्ती घरात ठेवणे किंवा सराफाला दाखवणे या दोन्हींतून शेतकरी विनाकारण अडचणीत येतो.

गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्यांबद्दल ग्रामसभेत स्पष्ट बोलावे. अमावस्येच्या आसपास टेकाडावर रात्री उजेड दिसला, लिंबू-कुंकू आणि ताजा खड्डा दिसला तर तातडीने पोलिसांना कळवावे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. झालेला खड्डा आपण होऊन बुजवू नये. त्याच्या भिंतींवर थरांची माहिती असते आणि तो पुरावाही असतो. पंचनामा होईपर्यंत वर पत्रा टाकावा.

अर्ज कसा लिहावा

टेकाड अजून संरक्षित नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन राज्याच्या खात्याकडे मागणी करता येते. अर्जात गाव, तालुका, गट नंबर, जमीन मालकाचे की शासनाची, अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी-उंची, काय दिसते आणि सध्या धोका कशाचा हे लिहावे. ‘प्राचीन अवशेष आहेत’ एवढ्याने काम भागत नाही. ‘नदीकडची कड दोन पावसाळ्यांत इतकी मागे गेली’ असे मोजमापासह लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला तातडी कळते. वर सांगितलेली वही इथे कामाला येते. सोबत सात-बारा, गाव नकाशाचा उतारा, ठरावाची प्रत आणि सहा-आठ फोटो जोडावेत. राज्याच्या खात्यासाठी अर्ज सहायक संचालक, पुरातत्त्व, नाशिक विभाग यांच्या नावे करावा. केंद्र संरक्षित जागेबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाकडे करावा. दोन्हींची प्रत तहसीलदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. केंद्राकडून संरक्षित करण्याचा विचार झाला तर राजपत्रात आधी सूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. ज्यांची वावरे हद्दीत येतात त्यांनी आपले म्हणणे, चालू पिके आणि जुने रस्ते याच मुदतीत लेखी मांडावेत. ग्रामपंचायतीने ही सूचना चावडीवर लावून त्या शेतकऱ्यांना घरी जाऊन सांगावी, कारण राजपत्र कोणी वाचत नाही.